साडू नावाचा नमुना

आमच्या साडूंइतका संशयी माणूस पोलिसांतही सापडणार नाही. फरक इतकाच, की पोलीस चोरांवर संशय घेतात आणि हे कौतुकावर. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या परळच्या घरी जेवलो आणि मेहुणीच्या कोलंबीच्या कालवणाची तारीफ केली, तर म्हणाले, "छान म्हणजे कशाच्या तुलनेत?" पुढच्या रविवारी माझे डोळे बांधून दोन वाट्या पुढ्यात ठेवल्या. मी मन लावून एक निवडली, ती नेमकी कोपऱ्यावरच्या खानावळीतली निघाली. मेहुणी दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही, साडू मात्र चाचणी उत्तम झाली म्हणून खूश! लालबागला गणपतीच्या रांगेतही तीच तऱ्हा. पुढच्या बाई नवस फळल्याचं सांगत होत्या, तर हे म्हणतात, "ज्यांचे फळले नाहीत त्यांना विचारलंत? ते कशाला येतील रांगेत?" मागून कार्यकर्ता ओरडला, "ओ काका, शोध नंतर लावा, आधी पुढे सरका!"

हे गृहस्थ एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतात. कसं शिकवावं यावर तिथे संशोधन उदंड. म्हणजे मास्तर काहीतरी नवीन करतो, आपल्याच पोरांना "समजलं का?" विचारतो, मार्क त्याच्याच हातात असल्यानं पोरं "हो सर" म्हणतात आणि शोधनिबंध तयार! "हे म्हणजे सासूच्या स्वयंपाकाबद्दल नव्या जावयाला विचारणं," असं साडू भर मीटिंगमध्ये बोलले. त्यामुळे प्राध्यापकपदाची बढती दरवेळी त्यांना वळसा घालून पुढे जायची.

निवृत्तीच्या तोंडावर शेवटची संधी आली. एक चांगला निबंध हवा होता. पोरांनीच एकमेकांना शिकवायचं, अशी पद्धत साडूंनी वर्षभर राबवली आणि शेवटी नावं न घालता मतांचे फॉर्म भरून घेतले. सगळ्यांना सगळं समजलं होतं! निबंध स्वीकारला गेला, मेहुणीनं पेढे वाटले. पेढा खाता खाता एक विद्यार्थिनी बोलून गेली, "सर, तुमचं प्रमोशन अडलंय कळलं, मग आम्ही ग्रुपवर ठरवलं, सगळ्यांनी 'समजलं'वरच टिक करायची."

त्याच संध्याकाळी साडूंनी निबंध मागे घेतला. बढती गेली ती गेलीच. मला मनापासून वाईट वाटलं, आणि रागही आला. "अहो, कुणाला कळलं असतं?" मी विचारलं.

"मला कळलं होतं ना." ते गॅलरीच्या कठड्याला टेकले होते. मग म्हणाले, "साडूभाऊ, या वर्गाचं पिकनिक कुठे न्यायची यावर कधी एकमत झालं नाही. आणि माझ्यासाठी खोटं बोलताना एकही फुटला नाही हो!"

"पोरांचा जीव आहे तुमच्यावर," मी म्हणालो.

साडूंनी चष्मा काढून पुसला आणि काही न विचारता मान डोलावली.