तळटिपेतली टक्क्याची खूण

सुहासिनी मोघे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या आणि इंदूरच्या सुदामा नगरातल्या घरी बसून एकच काम करू लागल्या. ‘बॉम्बे’ रक्तगट फार दुर्मिळ. त्या गटाच्या रुग्णाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही. अशा तीनशे बारा दात्यांची ईमेल यादी त्या चालवत. यादीच्या पत्त्यावर एक मेल टाकला की सर्व्हर तो सगळ्यांना पोचवी. दात्यांचे फोन नंबर मागायचे नाहीत, हा त्यांचाच नियम होता.

त्या मंगळवारी सकाळी इंदुरातल्याच छत्रीबागेतून ओळखीच्या भूषणचा फोन आला. त्याची बायको अनुश्री याच रक्तगटाची. ती आठव्या महिन्यात होती आणि पहाटेपासून रक्त जात होतं. “मावशी, डॉक्टर म्हणतात रक्ताचा बंदोबस्त शाम तक करून ठेवा,” तो म्हणाला.

साडेनऊला सुहासिनीताईंनी मेल टाकला. एरवी अर्ध्या तासात कोणी ना कोणी उत्तर देई. अकरा वाजले तरी सगळं शांत. त्यांनी दुसरा मेल टाकला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, पहिल्याची प्रत त्यांना स्वतःलासुद्धा आलेली नव्हती. मेल कोणालाच गेला नव्हता.

सर्व्हर सुरू होता, यादीही जागेवर होती, पण दोन्ही मेल अडकलेल्यांच्या रांगेत पडून होते आणि सर्व्हरच्या नोंदवहीत दर वेळी एकच ओळ उमटत होती: टेम्पलेट भरता आलं नाही. टेम्पलेट म्हणजे प्रत्येक मेलला आपोआप जोडला जाणारा ठरीव मजकूर. त्यांनी स्वागताचं टेम्पलेट तपासलं, मग माथ्यावरचं. दोन्ही ठीक. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. तीच ओळ. मधे भूषणचे तीन फोन येऊन गेले.

दीड वाजता पुण्याचा भाचा पियुष एकदाचा फोनवर सापडला. त्यानेच हे सगळं बसवून दिलं होतं. त्याने एवढंच विचारलं, “काल काय बदललंस?”

काल त्यांनी प्रत्येक मेलच्या शेवटी जोडल्या जाणाऱ्या तळटिपेत एक वाक्य घातलं होतं: ‘ही सेवा १००% मोफत आहे.’

“मावशी, ती टक्क्याची खूण. तिच्यापुढे यादीचं नाव वगैरे भरायचं, असं सर्व्हरला वाटतं. नाव सापडत नाही म्हणून तो थांबतो. काढ ती.”

त्यांनी खूण पुसून ‘पूर्णपणे’ लिहिलं आणि रांग मोकळी केली. दोन वाजून पाच मिनिटांनी मेल गेले.

पहिलं उत्तर देवासच्या दात्याचं आलं. देवास इंदूरपासून तासाभराच्या आत. त्याने लिहिलं होतं, ‘बारापर्यंत घरीच होतो. आता अहमदाबादच्या गाडीत बसलोय. माफ करा.’ सुहासिनीताईंनी ते दोनदा वाचलं आणि टेबलावर डोकं टेकवलं. दुसरं उत्तर भोपाळच्या एका शिक्षिकेचं होतं. ती लगेच निघाली, साडेसहाला दवाखान्यात पोचली. पण डॉक्टरांना रक्तासाठी ऑपरेशन पाचच्या पुढे लांबवता आलं नव्हतं, ते रक्ताविनाच करावं लागलं. तपासण्या होऊन रक्त चढायला नऊ वाजले. अनुश्री वाचली. बाळ गेलं.

अकराव्या दिवशी अनुश्री घरी आल्याचं कळलं, तेव्हा सुहासिनीताई छत्रीबागेत गेल्या. सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं. भूषणने खुर्ची पुढे केली, पण त्या उभ्याच राहिल्या. साडेचार तास मेल माझ्या चुकीने अडकला होता, असं म्हणाल्या, आणि देवासच्या माणसाचंही सांगितलं.

आत अनुश्री कूस वळवून पडली होती. भूषणने विचारलं,

“सकाळीच गेला असता मेल, तर वाचलं असतं?”

“माहीत नाही रे. वाचलं असतं कदाचित.”

आतून अनुश्रीने पाणी मागितलं, तसा तो उठून गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. थोड्या वेळाने सुहासिनीताई जिना उतरल्या.

यादी बंद करावी असं त्यांना चार दिवस वाटत राहिलं. पाचव्या दिवशी जबलपूरहून एका बापाचा मेल आला, मुलीचं ऑपरेशन होतं. त्यांनी तो यादीवर टाकला आणि स्वतःची प्रत येईपर्यंत पडद्यासमोरून हलल्या नाहीत.