छापलेलं एक, वाचलेलं दुसरं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांवर मी जन्मभर चिडत आलो. आमच्याकडे म्हैस आटली की भानामती, लेकरू दचकलं की भानामती... मी वसमतला शाळामास्तर, गणित शिकवायचो; असं बोलणाऱ्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय त्याला सोडत नसे. तेव्हा पुढचं वाचून कोणी माझी घेतली तर माझी तक्रार नाही. पण मला माझा राग मांडू द्या — तो इतक्या वर्षांतही उतरलेला नाही.

निजामाचं राज्य होतं, महायुद्ध चालू होतं. माझी धाकटी बहीण सरू साखऱ्याला दिलेली. पावसाळा सरता सरता एका दुपारी ती पायऱ्यांच्या विहिरीवर पाण्याला गेली आणि परत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी प्रेत वर आलं; पडताना बघणारं कोणी नव्हतं. विहीर तुडुंब भरलेली, पाणी गढूळ. पाय घसरला असेल, एवढंच सासरची माणसं म्हणाली. तिच्या सासूला तर आवरताना आम्ही थकलो. त्या घरात सरू सुखात होती, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

थोड्याच दिवसांत साप्ताहिकाचा अंक आला. आमच्या आखाडा बाळापुरात पेपर कोणी घरी वाचत नसे. बाजाराच्या दिवशी मारुतीच्या पारावर दत्तोपंत तो मोठ्यानं वाचत — पोथी वाचावी तसा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आधी नजर फिरवायची पद्धतच नव्हती. पारावर पुरुष, ओट्यावर बायका, आणि त्या बायकांत माझी माय. दत्तोपंत वाचत गेले — 'साखरा येथील एका विवाहितेने सासरच्या जाचास कंटाळून विहिरीत उडी घेऊन जीव दिला.' काय वाचतोय हे त्यांना कळलं तोवर ओळ संपली होती. पोरगी जाऊन आधीच अर्धी झालेल्या बाईनं ते भर बाजारात ऐकलं.

मी वसमतहून घरी आलो तर मायनं अन्न टाकलेलं. सांगून सांगून थकलो की हे खोटं आहे. ती म्हणायची, "छापलेलं खोटं कसं असंल? तिला एवढी तकलीफ व्हती, अन् मला काहून सांगितलं न्हाई तिनं?" एवढंच धरून बसली होती ती. लेक मेली यापेक्षा लेकीनं आपल्याला परकं मानलं, हे तिला आतून खात होतं. मला तिचीही आशा वाटेना.

बातमी देणारा इसम हिंगोलीचा. साखऱ्याला तो गेलाच नव्हता. ना गावच्या पोलीस पाटलाला विचारलं, ना घरी चौकशी केली. मोटार स्टँडवर कोणी काही बोललं, यानं लिहून धाडलं. वर्गणीदार जोडायला तो पुढच्या बाजाराला बाळापुरात आला, तेव्हा मी त्याला पारावर गाठला. तो हसत म्हणाला, "मास्तर, तरणी बाई विहिरीत गेली म्हणजे दुसरं काय असतं?"

हात उगारला होता मी. दत्तोपंतांनी धरला. मग मी तोच अंक त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, तिची माय समोर बसली आहे, आता तुमच्याच तोंडानं तिला वाचून दाखवा. त्या बेशरमानं घसाही खाकरला. मी त्याच्या खांद्याशी उभा होतो, माझी नजर त्याच ओळीवर होती. आणि त्यानं वाचलं —

"साखऱ्याची सरू पाण्याला उतरली. घागर सुटली. ती धरायला वाकली, तेवढ्यात पाण्यालगतच्या पायरीचा डावा दगड निसटला. तिनं एकदा माय म्हणून हाक मारली."

छापलेलं तसंच होतं — जाच, उडी, सगळं. बातमीत सरूचं नावसुद्धा नव्हतं! त्यानं अंक मिटला आणि म्हणाला, "आहे ते वाचलं. यात मी काय चुकीचं लिहिलं?" सगळ्या पारानं ते ऐकलं होतं. आपण काय वाचलं, हे त्याला अजिबात ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्यात साखऱ्याच्या विहिरीतला गाळ काढला. तेव्हा पाण्यालगत असलेली पायरी डाव्या अंगाला रिकामी होती, दगड तळाला, आणि दगडाखाली चेपलेली सरूची घागर. मी एडिटरला खुलासा पाठवला. उत्तर आलं, युद्धामुळे कागदाची टंचाई आहे, जागा नाही. त्या आठवड्याच्या अंकात केसांच्या तेलाची जाहिरात पाव पान होती. माणूस मेल्याची बातमी फुकट छापता, आणि खरं छापायला तुम्हाला कागद पुरत नाही?

त्या माणसाच्या तोंडून ते कोण बोललं, मला माहीत नाही. मास्तरकीची सगळी अक्कल पणाला लावली, उत्तर निघालं नाही. भानामती म्हणायला जीभ रेटत नाही, आणि योगायोग म्हणावं तर दगड बराबर डावाच कसा?

एक मात्र सांगायचं राहिलं. 'माय म्हणून हाक मारली' हे त्यानं वाचलं, तेव्हा ओट्यावरून माझी माय मोठ्यानं "ओ" म्हणाली होती. बातमीदारानं मान वर केली आणि विचारलं, "कोणाला ओ दिली, बाई?"

माय उठली. पदर सावरून मला म्हणाली, "चाल घरी. भाकर टाकते."