रंगादादा पुढे गेलाय

दुपारचा एक वाजलाय आणि मी झोपलेली नाही. नुसती डोळे मिटून पडलेय. कूलर घरघरतोय, त्याच्या वाऱ्याला ओल्या वाळ्याचा वास आहे आणि दाराच्या फटीतून मे महिन्याचं ऊन आत घुसलंय. माझा नवरा मंदार पलीकडच्या पलंगावर पडल्या पडल्या घोरायला लागला. जगबुडी आली तरी या माणसाची दुपारची झोप चुकायची नाही. त्याच्या शेजारी नचिकेत, आमचा सात वर्षांचा मुलगा, तोंड उघडं टाकून झोपलाय. ओवी माझ्या दंडावर आहे. साडेचार वर्षांची. मी तिचा फ्रॉक मुठीत धरून ठेवलाय.

अडीचला दुपारची सफारी आहे. शेवटची. मला जायचं नाहीये, आणि हे मी कुणाला सांगू शकत नाही, कारण पोरांना अजून वाघ दिसलेला नाही.

सकाळी काय झालं ते सांगते. पाणवठ्याजवळ जिप्सी थांबली होती आणि सगळे वाघाच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. आमचे गाइड मडावीकाका एकदम दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, पोरीले धरा ना! उतरून राहिली ते!" वळून पाहते तर ओवीचा एक पाय मागच्या फळीच्या बाहेर. हाताला लागलं ते धरून मी तिला आत ओढलं, फ्रॉकची शिवण टरकन उसवली. पाण्यापलीकडे टँकरचा पाइप लावत एक मजूर उभा होता, डोक्यावर टोपी. "तो मामा आहे," ओवी माझ्या कानात म्हणाली. "जंगलात हाक मारायची नसते ना, म्हणून बोलवायला चालले होते." नियम तिने अगदी बरोबर पाळला होता.

चूक माझी आहे. रंगादादा, माझा मोठा भाऊ, फेब्रुवारीत वारला. ही ट्रिप त्यानेच ठरवलेली. पोरांना वाघ मीच दाखवणार, असं त्याने दिवाळीपासून डोकं खाल्लं होतं. सफारीच्या परमिटवर सगळ्यांची नावं आधीच द्यावी लागतात, ओळखपत्राच्या नंबरासकट, आणि ती मागाहून बदलत नाहीत. त्यामुळे गेटवरचा माणूस रोज वाचतो, "श्रीरंग भोईटे?" मंदार म्हणतो, "आले नाहीत." आणि ओवी दर वेळी मान उंच करून मागे बघते.

कारण मी तिला सांगितलंय की मामा पुढे गेलाय. जंगलात. आपल्यासाठी जागा धरायला.

दादाला ओळखणाऱ्या कुणालाही हे पटलं असतं. एसटी फलाटाला लागायच्या आधी धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकणारा आमच्या घरात तोच. लग्नात पहिल्या पंगतीला आम्हा सगळ्यांची पानं तोच अडवून बसायचा. रुमाल पुरला नाही तर टोपी, तीही पुरली नाही तर चप्पल. त्याला अग्नी देऊन आलो त्या दिवशी पोरांनी विचारलं, मामा कुठाय, आणि माझ्या तोंडून हे इतकं सहज निघालं की मलाच हायसं वाटलं. नचिकेतला बहुधा कळलंय. तो विचारत नाही. ओवी विचारते.

कूलरची घरघर खाली उतरते आणि जिप्सीची होते. खाली तांबडी माती, दोन्ही बाजूंना पानं झडलेला साग. मी मागच्या सीटवर एकटी आहे. पुढे पाठमोरा माणूस बसलाय, मानेवर डावीकडे चामखीळ.

"लई उशीर केलास, बारके," तो म्हणतो. वळत नाही.

"दादा!"

"हळू. जंगल आहे."

मी हळू होते. मला त्याच्या खांद्याला हात लावायचाय, पण मधल्या सीटवर त्याचा कमरेचा पट्टा गुंडाळून ठेवलाय आणि त्याच्यावरून जायचं नाही हे मला माहीत आहे. त्याच्या पलीकडे टोपी. त्याच्या पलीकडे एक चप्पल. दादाचे पाय अनवाणी आहेत, टाचा फुटल्यात.

"चप्पल घाल ना," मी म्हणते.

"मग जागा जाईल."

गाडी वळते आणि आमच्या साताऱ्याच्या एसटी स्टँडात शिरते. फलाटावर ही गर्दी, पण कुणी ढकलत नाही, कुणी ओरडत नाही. सगळे जिप्सीच्या भोवती येऊन उभे राहतात. हातात पिशव्या नाहीत, पोरंबाळं नाहीत. एक म्हातारी फळीला हात लावून विचारते, "लेकरा, कोण हाय का हितं?"

"आहे मावशी. माणसं यायचीत माझी."

म्हातारी मान हलवते आणि उभी राहते. तक्रार करत नाही. दादाची मान खाली जाते.

"तीन महिने झाले," तो म्हणतो. "रोज हिला हेच सांगतोय. हिच्या गुडघ्यांत त्राण न्हाई, बघ की. मला लाज वाटायला लागलीय आता."

"मग दे की तिला."

"तूच धरायला लावलीस नव्हं?"

चूक दाखवली की मला राग येतो, लहानपणापासून. "तू मला सांगितलं नाहीस छातीत दुखतंय म्हणून," मी म्हणते. "ॲसिडिटी झालीय म्हणालास. सोडा पिऊन झोपलास. वहिनीला नाही, मला नाही, कुणाला काही पत्ता नाही."

"वाटलं तसं."

"वाटलं म्हणे!"

"तू तरी कुठं सांगितलंस पोरांना?"

आता आम्ही खुर्च्यांवर आहोत, एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्यांवर. समोर आयसीयूचं दार. फेब्रुवारीत मी इथे दोन दिवस बसले होते आणि शेजारची खुर्ची वहिनीसाठी पर्स ठेवून धरली होती. भिंतीला टेकून किती तरी लोक उभे होते, मी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. आज त्या खुर्चीवर दादा बसलाय. त्याच्या मांडीवर टेंभुर्णीची फळं आहेत, पिवळी, पिकलेली. तो एक सोलतो आणि तोंडात टाकतो.

"कुठली रे ही?"

"हितलीच. बसून बसून तोंड कोरडं पडतं." तो चघळतो. "गोड आहे. जरा तुरट."

फरशीवर सागाची वाळकी पानं पडलीत. नर्स त्यांच्यावरून चालत जाते, तरी आवाज होत नाही. मला फार बरं वाटतंय, दादाच्या दंडाला दंड लावून बसल्यामुळे, आणि हे बरं वाटणंच बरं नाही असंही वाटतंय. मला कुठे तरी वेळेवर पोचायचंय. अडीचला. माझी मूठ सैल झालीय, तिच्यात आधी काहीतरी होतं.

"कुणाकुणाच्या धरल्यास?" मी विचारते.

तो खूश होतो. हे विचारलं की त्याला नेहमीच आनंद व्हायचा. तो बोट दाखवत सांगतो, "पट्टा हाय ती मंदाररावांची. टोपीची तुझी. चप्पल नचूची. आणि ओवीला खिडकीची दिलीय. तिला उलटी होते ना गाडीत."

खिडकीच्या सीटवर त्याचा निळ्या काठाचा रुमाल आहे. नीट चार घड्या घातलेला, साडेचार वर्षांच्या मुलीला पुरेल एवढा.

आम्ही पुन्हा जिप्सीत आहोत आणि आता मला दिसतं की या गाडीला पुढे जाण्याचाच रस्ता आहे, मागची वाट बांबूच्या बेटांनी मिटवून टाकलीय. उभी असलेली माणसं कोण आहेत तेही मला कळतं. ती इतकी शांत का आहेत तेही.

"उचल तो रुमाल."

"मला उचलता येत न्हाई."

"दादा, उचल! तिची जागा नाही इथे. माझ्या पोरांची कुणाचीच जागा नाही इथे."

"अगं, मी काय त्यांना बोलावतोय का? मला का हौस हाय? ज्यांच्यासाठी धरलीय त्यांनी खालनं सांगायला लागतं. आम्ही येत न्हाई, दे दुसऱ्याला. तू स्टँडावर सांगायचीस तसं."

"आम्ही येत नाही," मी लगेच म्हणते. "सोड. दे त्या म्हातारीला."

"तुझं झालं." तो टोपी उचलून डोक्यावर घालतो. म्हातारी चढते, माझ्या जागेवर बसते आणि मोठा सुस्कारा टाकते. "पण ओवीचं तिनंच सांगायला पायजे. आणि तिला कुणी सांगितलंच न्हाई तर ती काय सांगणार? बघ, निघालीय ती."

मी वळते. तांबड्या वाटेवरून ओवी येतेय, एकटी, फ्रॉकची शिवण उसवलेली. ती धावत नाहीये. जंगलात धावायचं नसतं, हाक मारायची नसते, मडावीकाकांनी सांगितलंय. ती तोंडावर बोट ठेवून, नियम पाळत, टुणटुण चालत आमच्याकडे येतेय आणि हसतेय, कारण तिला मामा दिसलाय.

मी उतरायला जाते. पाय फळीच्या बाहेर निघत नाही.

"दादा, मला जाऊ दे."

"मी कुठं धरलंय तुला?" तो म्हणतो. मग आता कुठे तो माझ्याकडे तोंड करतो. चेहरा तसाच आहे, दाढीचे खुंट, थोडा दमलेला. त्याला तिला बघायचंय, खूप बघायचंय, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतंय, आणि तरी तो वाटेकडे पाठ करून बसतो. "जा लवकर. मी बघितलं तर ती पळत येईल."

"दादा..."

"जा म्हणतो ना. आणि हे धर जरा." लहानपणी सीताफळ खाताना तो सगळ्या बिया माझ्या ओंजळीत थुंकायचा, आई अंगणात थुंकू द्यायची नाही म्हणून. मी चिडायचे आणि तरी हात पुढे करायचे. मी हात पुढे करते.

डोळे उघडतात. कूलर घरघरतोय. मंदार घोरतोय. माझी मूठ घट्ट मिटलेली आहे आणि तिच्यात फ्रॉक नाही. दंडावर ओवी नाही. दार उघडं आहे.

मी कशी उठले, चपला घातल्या की नाही, आठवत नाही. पडवीतली फरशी तव्यासारखी तापलीय. ओवी पायरीवर बसलीय. उलटसुलट बूट घालून, टोपीचा बंद हनुवटीखाली बांधून, जंगलाकडे तोंड करून.

"आज मी पुढे बसणार," ती म्हणते. "म्हणजे मामाला मी लगेच दिसेन."

मी तिच्या शेजारी बसते. देवाघरी गेला असं सांगायचं मनात येतं, पण ते घर कुठाय म्हणून ही विचारेल आणि तिथेही निघेल.

"ओवी, मामा जंगलात नाहीये."

"मग अजून पुढे गेला?"

"नाही. मामा मेला. त्याला खूप बरं नव्हतं, डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण तो मेला. तो आता कुठेच जागा धरत नाहीये. तो येणार नाही आणि आपण त्याच्याकडे जायचं नाही."

ती बुटांकडे बघते.

"कधी?"

"तुझं गॅदरिंग होतं ना शाळेत, तू फुलपाखरू झाली होतीस? त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे तू खोटं सांगितलंस?"

"हो."

"का?"

"मलाच ते खरं नको होतं."

ती माझ्या गुडघ्यावर जोरात बुक्की मारते. मग दुसरी. तिसरीला तिचा चेहरा वाकडा होतो आणि ती रडायला लागते, मोठ्याने, जंगलाचे सगळे नियम मोडून, आणि आत मंदारचं घोरणं थांबतं. मी तिला जवळ घेते. मीही रडतेय, इतके दिवस पोरांसमोर रडले नव्हते. इतक्यात जिप्सी येईल. तिची आता मला भीती नाही. उतरून धावण्याचं कारणच मी या पोरीच्या हातून काढून घेतलंय, आणि त्याचं मला फार वाईट वाटतंय.

बऱ्याच वेळाने तिचे हुंदके कमी होतात. पाठीवरून फिरणारा माझा हात मिटलेलाच आहे, हे तिच्या लक्षात येतं.

"हातात काय आहे?"

मला माहीत नाही. ती माझी बोटं एकेक करून उघडते. तळव्यावर टेंभुर्णीची बी आहे. तपकिरी, चपटी, तिला अजून गर चिकटलेला.

"हे कुणी दिलं?"

सोपं उत्तर जिभेच्या टोकावर तयार आहे. ते ऐकून ती हसेल. जिप्सी आली की पुन्हा फळीवरून वाकून बघायला लागेल.

"माहीत नाही," मी म्हणते.

"खोटं?"

"नाही. खरंच माहीत नाही मला."

ती लाल डोळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघत राहते, विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवत. मग दोन बोटांनी बी उचलते.

"आई," ती म्हणते, "ही ओली आहे अजून."