गबरू कुणाला 'व्हय' म्हणायचा?

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर, अंगात येण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. वडील शाळामास्तर होते. गावातल्या बायका ज्या चिंचेखालून जायला घाबरायच्या, तिच्याच बुडाशी बसवून त्यांनी मला पाढे शिकवले. चिंचा पोटभर खाल्ल्या, भूत काही भेटलं नाही. त्यामुळे या सदरातले अनुभव वाचताना मला निम्म्या वेळा हसूच येतं, खोटं कशाला बोलू... पण एक गोष्ट माझ्या स्वतःच्या घरात घडली आहे. तिच्यात भूत नाही, चकवा नाही, पांढरी साडी नाही. एक पोपट आहे. वाचा, आणि जमलं तर मला त्यातलं लॉजिक समजावून सांगा.

गाव कुरुंदा. आज हिंगोली जिल्हा म्हणतात, तेव्हा परभणी जिल्हा आणि राज्य निजामाचं. ती मोठी लढाई चालू होती, रॉकेल मिळायची मारामार. दिवेलागणीला घरात एकच चिमणी पेटायची आणि जेवणं झाली की विझायची. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालेलं. घरात मी, आमचे हे आणि सासूबाई — त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. आणि ओसरीवरच्या पिंजऱ्यात गबरू.

गबरू यांचा. पंख फुटायच्या आत झाडाखाली पडलेला, यांनी उचलून आणून हातावर वाढवलेला. हे बैलगाडीवर हळद वाहायचे. कधी वसमतच्या बाजाराला, कधी पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात. घरी असले की रोज एक ठरलेला कार्यक्रम. मशिदीतली मगरिबची, दिवेलागणीची अजान संपली की हे पिंजऱ्याशी जायचे आणि म्हणायचे, "गबरू, पाय मीट, डोळे मीट. म्या हाये." गबरू मान वाकडी करून म्हणायचा, "व्हय." मग चोच कुरकुर घासायची, पिसं फुलवायची, एक पाय पोटात घ्यायचा, मान पाठीत खुपसायची. संपलं! पाच मिनिटांत साहेब झोपले. एवढ्या लवकर तर लेकरूही झोपत नाही.

होळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. हे हळद घेऊन वऱ्हाडात गेले. सोबत दुसरा एक गाडीवान होता. आठ दिवसांत येतो म्हणाले. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना. मग बातमी आली की आमची गाडी पैनगंगेच्या वाळूत उलटी पडलेली सापडली. बैल नदीकाठी चरत होते. माणूस नाही. तो दुसरा गाडीवानही बेपत्ता.

बैल लोकांनी घरी आणून बांधले. आत्याबाई त्यांच्या गळ्यात पडून जे रडल्या... ते मला लिहिता येणार नाही.

यांच्या जाण्यापासून गबरूची झोपच उडाली होती. हे आधीही प्रवासाला जायचे, तेव्हा तो दोन दिवस कुरकुर करून गप्प व्हायचा. या वेळी नाही. अंधार पडला की सळयांवर धडका. सकाळी पिंजऱ्याखाली मोडकी पिसं. डाळ खाईना, मिरचीला तोंड लावीना. पोटाखाली बोट घातलं तर नुसतं हाड लागायचं. आणि आत्याबाईंनी मनाशी एकच धरलेलं — "हे पाखरू गेलं की समज माझा लेक सखा गेला. पोरी, कायबी कर, पण याला निजव!"

मी म्हणायचे, "आत्याबाई, पाखराचा आन् माणसाचा काय संबंध?" तोंडानं म्हणायचे. पण रोज सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा पिंजराच बघायचे, आणि तो जिवंत दिसला की मगच चुलीकडे जायचे.

मग मी त्याला झोपवायच्या मागेच लागले. मास्तरांची लेक मी, असं कसं जमत नाही! आधी घोंगडी घेऊन पिंजरा चारी बाजूंनी गच्च झाकला. झाली का पंचाईत! आत त्यानं असा धिंगाणा घातला की चोचीतून रक्त आलं. मग पिंजरा आत, चुलीजवळ नेला, तर धुरानं शिंकायला लागला. माझं मीच "न्हाई म्हणजे काहून न्हाई?" म्हणत हैराण होत होते.

शेवटी कासमचाचांना बोलावलं. ते टिनसाज. डब्यांचे दिवे, बादल्या, चाळण्या करायचे. गबरूचा पिंजराही त्यांच्याच हातचा. मिरग निघून गेला होता, पेरण्यांची गडबड, तरी शुक्रवारची नमाज उरकून आले बिचारे. पिंजऱ्याकडे बघून मलाच झापलं.

"अगे बेटी, हवेत लटकाके रखी तू. रातभर हिलता. हिलते घर में किसकू नींद आती?" मग दांडी हातात घेतली. "ये लोहे की सळई मैंच लगाया, मेरी गलती. पंजा फिसलता. लिंबाची डहाळी आन, अंगठ्याएवढी जाड, साल तशीच ठेव."

डहाळी आणली, त्यांनी ती तारेनं आडवी बसवली. पिंजरा खुंटीवरून काढून ओसरीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकवून फळीवर ठेवला. हळदीचं जुनं गोणपाट मी धुऊन ठेवलं होतं, ते तीन बाजूंनी टाकलं. एक बाजू उघडी. "उसकू दिखना चाहिये ना, कौन आता कौन जाता," चाचा म्हणाले. चिमणी मी मुद्दाम आतल्या खोलीत नेली, सावल्या हलायला नकोत म्हणून.

गबरू नव्या डहाळीवर चढला. धडका थांबल्या. पण डोळे टक्क उघडे, झोपेचं नाव नाही. चाचा जायला उठले, तेवढ्यात अजान झाली. ते ओसरीवरच थांबले. अजान संपली.

आणि गबरूनं मान वाकडी केली. रिकाम्या अंगणाकडे बघितलं... जरा थांबला... आणि स्पष्ट म्हणाला, "व्हय."

मग चोच कुरकुर, पिसं फुलली, एक पाय पोटात, मान पाठीत. झोपला!

मी, आत्याबाई, चाचा, तिघंही बघत उभे. अंगणात कुत्रंसुद्धा नव्हतं. तीन महिन्यांत त्यानं एक शब्द उच्चारला नव्हता. आत्याबाईंनी माझा दंड धरला, तो इतका घट्ट की वळ उठले. चाचा एवढंच पुटपुटले, "या अल्ला, जवाब दिया इन्ने. पन किसकू?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज अजान संपली की मान वाकडी, जरासं थांबणं आणि "व्हय". जणू समोरून कोणी काही बोलतंय आणि हा ते पुरं होऊ देतोय. मी स्वतः यांच्यासारखा आवाज काढून "पाय मीट" म्हणून बघितलं, तर माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही. शहाणा! पण झोपायला लागला, खायला लागला, अंग धरलं. पाखरू जगलं.

फक्त नागपंचमीला खंड पडला. आदल्या दिवशी, पंचमीला आणि दुसऱ्या दिवशी, अशा तीन संध्याकाळी गबरू अजानीनंतर मान वाकडी करून वाट बघत राहिला, "व्हय" म्हणालाच नाही आणि रात्रभर जागा. बाहेर पोरींचे झोके, फेर, आणि आत हा ओरडून राहिलेला. चौथ्या दिवशी पुन्हा सुरळीत. माझ्या ते डोक्यात पक्कं बसलं.

गावात मात्र बोभाटा झाला. शिरड शहापूरहून मामासासरे आले, आत्याबाईंचे भाऊ. एक संध्याकाळ ओसरीवर बसून त्यांनी तो प्रकार बघितला. गबरू "व्हय" म्हणाला तसे हात जोडले.

"अक्का, सखा येऊन राहिला घरी," ते म्हणाले. "आपल्याला दिसत न्हाई, पाखराला दिसतं. त्याचा जीव अडकलाय इथं. त्याला मोकळा करा."

आमच्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. पण मेल्याची खूण पटली तर थांबत नाहीत. प्रेत नसलं तरी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मामांच्या मते याहून मोठी खूण नव्हती. पितृपक्ष तोंडावर होता, त्यातच उरकायचं ठरलं. पुतळा जळला की माझं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. एकोणीस वर्षांची होते मी!

आत्याबाई आधी नाही नाही म्हणाल्या. मग मामांनी, भावकीनं आठ दिवस त्यांचं डोकं खाल्लं. "लेकाला तसाच भटकत ठेवणार काय?" म्हटल्यावर कोणती आई टिकेल? त्या रडत हो म्हणाल्या.

मी भडकले. सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडायचं नसतं, ते दिवस. पदर डोक्यावर घेतला आणि उघडलं.

"मामा, मेलेला माणूस रोज बराबर टायमावर येतो म्हणता. मग नागपंचमीला तीन दिवस कुठं गेला होता?"

"काय?"

"तीन दिवस गबरूला हाक आली न्हाई. भुताला काय ताप येतो? भूत काय सुट्टी घेतं? आजारी जित्तं माणूस पडतं, मामा. तुमी बोलून राहिले ते मला पटत न्हाई."

"पोरी, तुझं डोकं फिरलंय."

"फिरू द्या. माझा माणूस जित्ता हाये."

बोलून तर बसले... आणि मलाच धसका बसला. भुतावर विश्वास नाही म्हणणारी मी, मग मैलोगणती दूर असलेल्या माणसाचं बोलणं पोपटाला ऐकू येतं, यावर कशी विश्वास ठेवत होते? पण दोन वेडेपणांतला एक निवडायचा असेल तर मी माझा नवरा जिवंत असलेला निवडणार, दुसरा नाही.

ठरल्या दिवशी पहाटे पळसाची पानं आली. मामांनी मोजून तीनशे साठ आणवलेली. भावकी गोळा व्हायला उन्हं वर येणार होती. पानं माझ्याच ताब्यात, पाणी शिंपडून ठेवायला. मी परसात बसले, पुढ्यात सगळी पानं घेतली, काड्या घेतल्या आणि लावायला सुरुवात केली. पत्रावळी! सहा पानांची एक. हात असा चालला म्हणता! आत्याबाई आल्या, बघितलं, मला वाटलं आता केस धरतात. त्या माझ्यासमोर खाली बसल्या, नाक पुसलं आणि दुसऱ्या बाजूनं पानं उचलून टाचायला लागल्या.

भावकी भटजींना घेऊन आली तेव्हा ओसरीवर ओळीनं पत्रावळी मांडलेल्या, त्यांवर भाकरी, पिठलं आणि ठेचा.

"मामा, पानं कामी आली," मी म्हटलं. "बसा जेवायला."

मामांचा चेहरा! आजही आठवला की पोटात गुदगुल्या होतात. भटजी मात्र हसले. म्हणाले, "आईच्याच मनात शंका असंल तर हा विधी होत न्हाई. वाढा बाई, भूक लागली." आणि पहिले तेच बसले. मामाही शेवटी बसले. तीन भाकरी खाल्ल्या.

घट बसायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, आमचे हे अंगणात उभे. दाढी वाढलेली, अंगावर कुणाचा तरी सदरा, वजन निम्मं. आत्याबाईंच्या हातातलं सूप पडलं. सगळी ज्वारी अंगणभर. आम्ही तिघं त्या ज्वारीतच बसून रडलो.

रडून झालं, मग मी भांडले! सहा महिने निरोप का नाही? तर झालं असं होतं. सोबतच्या गाडीवानानं आमच्या हळदीत चोरटा माल लपवला होता. नाक्यावर माल सापडला, तसा तो पठ्ठ्या आमची गाडी घेऊन पळाला आणि पुढे नदीत टाकून गेला. हे पकडले गेले. निजामाच्या तुरुंगात सहा महिन्यांची कैद. "गावाला काय तोंड दाखवू" म्हणून यांनी घरी कळवलंच नाही. तोंड दाखवू! इकडे पुतळा जळायची वेळ आली होती.

आता नीट वाचा. गबरूबद्दल कोणी एक अक्षर काढायचं नाही, असं मी आत्याबाईंना आणि चाचांना बजावलं. चाचांसमोरच यांना विचारलं, "तिथं गबरूची आठवण आली का?"

हे आधी लाजले. मग म्हणाले, "पहिले तीन महिने मी कुणाशी बोललोच न्हाई. झोप म्हणून न्हाई. मिरगानंतर एका शुक्रवारी, त्या दिवशी आमाला कामाची सुट्टी ऱ्हायची, अजान झाली आन् सहज तोंडातून निघालं — गबरू, पाय मीट, डोळे मीट, म्या हाये. बाकीचे कैदी हसले. पन मंग रोजच म्हणायला लागलो."

"रोज?"

"रोज. मधी तीन दिस ताप भरला, शुद्ध नव्हती. नागपंचमीचा टाइम. तेवढं चुकलं."

चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आत्याबाई देवाकडे तोंड करून बसल्या. मी वडिलांसारखी उलटतपासणी चालू ठेवली. "एवढं म्हणून काय मिळायचं तुमाला?"

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं.

"अगं, त्याचं 'व्हय' यायचं ना," ते म्हणाले. "ते ऐकलं की मलाबी झोप लागायची."

अजानीमुळे वेळ जुळली, हे मला समजतं. पहिला शुक्रवार योगायोग म्हणा. तीन दिवसांचा तापही म्हणा. पण ते 'व्हय' एवढ्या लांब कसं पोचलं, हे मी शिकलेल्या माणसांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, शास्त्र शिकवणाऱ्या माझ्या नातवाला विचारलं. कोणी सांगू शकलं नाही. मलाही माहीत नाही, आणि खरं सांगू का... मी आता विचारायचं सोडलं आहे. त्यानंतर आमचा एक्केचाळीस वर्षं संसार झाला. चार लेकरं झाली. आणि कुरुंद्याच्या कासारणीकडून मी दर सणाला हिरवा चुडा भरला, हात भरभरून भरला.