सरळ केलेली कड

आज बसमध्ये समोर बसलेल्या मुलीच्या झग्याची कड एका बाजूला उतरलेली दिसली आणि बाई आठवल्या. एकोणीसशे साठनंतरच्या त्या वर्षांत मी त्यांच्याकडे शिवणकामाला होते; बाई नव्या तऱ्हेचे कपडे बेतायच्या, मी तुरपाई करायचे. त्यांचा भाऊ बेसूर ताटं, पत्रे वाजवून नव्या धर्तीचं संगीत रचायचा. त्याच्या कार्यक्रमाला घालायला बाईंनी स्वतःसाठी मुद्दाम तिरका बेतलेला झगा मला चुकलेला वाटला. न विचारता मी तो कापून सरळ केला.

भाऊ हसला, “ताई, आता माझी ताटंही सुरात लावून घे हिच्याकडून!”

“गप रे. टाके बघ किती बारीक आहेत,” म्हणत बाई तोच घालून गेल्या.

रागावल्या असत्या तर मी विसरले असते. आजही त्या मुलीची कड बघताना माझा हात पोलक्याला टोचलेल्या सुईकडे गेला. तो मी पदराखाली लपवला.