दारावरचा तपास

जीवराम नाना या माणसाबद्दल कोणी चांगलं बोललं की मला अजून तिडीक येते. मी त्याला नाना म्हणते ती लहानपणची सवय म्हणून, मान म्हणून नाही.

जळगावात माझ्या आईच्या घराला लागूनच त्याचं घर. मधे कंपाउंडची भिंत, आणि भिंतीवर कोपरं टेकून उभा असलेला नाना. मी परकरात होते तेव्हापासून तो तिथेच आहे. पाइपच्या एका कारखान्यात तो क्वालिटीत होता. तयार पाइप उजेडाकडे धरायचा, एक डोळा मिटून आत बघायचा आणि खोट दिसली की माल बाजूला काढायचा. जन्मभर हेच केलं. रिटायर झाला तेव्हा हातातले पाइप गेले, खोट शोधायची खोड तेवढी राहिली, आणि ती गल्लीतल्या माणसांवर आली. कोणाची सून माहेरून लवकर परतली, कोणाच्या दारात कोणाची गाडी उभी होती, सगळं याला ठाऊक. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय!

त्यात पुण्याच्या मुलाने त्याला भिंतीएवढा टीव्ही घेऊन दिला आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. नानाला इंग्लंड-आयर्लंडच्या गुन्ह्यांच्या मालिका सापडल्या. खालची इंग्रजी अक्षरं बोट फिरवत वाचायचा, अडलं की थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा बघायचा. मंदाकाकू, म्हणजे त्याची बायको, स्वयंपाकघरातून ओरडायची, "एकाच मुडद्याले किती येळा पाहता?" पण तो हलायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगायचा, "आपल्या मालिकेत खुनी पाह्यल्याबरोबर कयते. ढॅण् ढॅण् वाजलं की समजायचं. तठी शेवटपर्यंत कयत नाही. अन् आयर्लंडची तर बातच निराळी. तठली गावं आपल्या यावल-रावेरसारखी. साऱ्याईले सारं ठाऊक, पन बोलत कुनीच नाही."

खोटं कशाला बोलू, मालिका चांगल्या आहेत. बघाव्यात अशाच आहेत. त्या मला याच माणसाने दाखवल्या, हे मात्र घशाखाली उतरत नाही.

मी कामिनी. रावेरकडचं सासर सोडून मी धुळ्याला देवपुरात दोन खोल्या घेतल्या आणि शाळेत नोकरी धरली, तेव्हा आई म्हणाली, नांदायला परत जा, नाहीतर माझ्या दारात पाय ठेवू नको. मी ठेवला नाही. तीही हट्टी, मीही तिचीच मुलगी. भाऊ हितेंद्र सणावाराला फोन करायचा, मोहिनीवहिनी चोरून करायची. आणि नाना करायचा. पाहा म्हणायचा, एकटी असतेस, वेळ जाईल. वेळ खरंच गेला. त्या मालिकांत एक बाई पोलीस होती. वय झालेली, लिपस्टिक नाही, पाठ दुखतेय, गाडीत बसून कोरडा पाव खातेय. तिला बघून मला धीर यायचा. एका मालिकेत तर सहा भाग एकाच मुलीच्या मरणावर होते, आणि त्या मुलीची आई सगळा वेळ नुसती धुतलेलीच भांडी धूत राहते. असं आपल्याकडे कोणी दाखवत नाही. रविवारी मी नानाला फोन करून विचारायचे, तुम्हाला कोण वाटतो? तो म्हणायचा, "कोन खरं बोलते ते पाहू नको. कोनाचं बोलनं बदलते ते पाह्य."

मग एके दिवशी दुपार कलल्यावर वहिनीचा फोन आला. आई गेली होती.

मी पोहोचले तेव्हा सगळे माझ्यासाठीच थांबले होते. वहिनीने दारातच मला मिठी मारली आणि म्हणाली, "ताई, तुमचंच नाव होतं हो तोंडात. 'कामिनी आली का' म्हणाल्या, अन् मान टाकली." त्या वाक्याला धरून मी उभी राहिले.

आमच्याकडे माणूस गेलं की लोक दारावर येतात. बाया आत सतरंजीवर, पुरुष बाहेर मांडवात. आलेल्या बाईने गळा काढायचा, डोळे पुसायचे आणि विचारायचं, "कसं झालं ओ बाई?" घरातल्या बाईने पहिल्यापासून सांगायचं. त्या उठल्या की दुसऱ्या येतात, पुन्हा कसं झालं, पुन्हा पहिल्यापासून. गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक फिटेपर्यंत, हेच चालतं. सांगायचं काम वहिनीकडे होतं, कारण आईजवळ तीच होती. आणि वहिनी जिला जे हवं ते द्यायची. खेड्यावरच्या म्हाताऱ्या आल्या की सांगायची, दूध घेतलं, रामराम म्हणाल्या, गेल्या. कॉलनीतल्या बाया आल्या की, झोपेतच गेल्या, कळलंही नाही. सांगून सांगून तिचा आवाज बसला होता. कोण कशाला ते ताडून बघेल? दारावर आलेलं माणूस एकदाच ऐकतं आणि उठून जातं.

पण नाना उठून जात नव्हता. शेजारधर्म म्हणून सकाळीच यायचा, मांडवातली खुर्ची खिडकीखाली ओढायचा आणि संध्याकाळपर्यंत बसायचा. लोक म्हणायचे, किती माया! कसली माया? हा प्रत्येक वेळचं ऐकत होता.

राख सावडून झाली होती. दुपारची वेळ, आत सात-आठ बाया, मी भिंतीला टेकलेली. नाना दारात येऊन उभा राहिला. उठू लागलेल्या एका बाईला हाताने थांबवलं. "कुनी उठू नका. सारे अठीच बसा." मला त्याचा आवाज ओळखीचा वाटला. मालिकेच्या शेवटच्या भागात सगळ्यांना एका खोलीत बसवतात, तो आवाज.

"मोहिनी," तो म्हणाला, "तू एकीले सांगतलं रामराम म्हने, एकीले सांगतलं झोपीत गेली, कामिनीले सांगतलं तिचं नाव घेतलं. तिन्ही खरं कसं? अन् डॉक्टर त सकायपासून येत व्हता, मी भिंतीवरून पाह्यला. धुयं कितीक दूर हाये? पोरगी दोन घंट्यात आली असती. मंग तिले सकायी फोन काहून नाही केला?"

मुंडण केलेला हितूभाऊ बाहेरून आत आला, म्हणाला, "नाना, चहा घ्या, चला." नाना हलला नाही. वहिनी जमिनीकडे बघत होती. आणि बाया वहिनीकडे बघत होत्या, ज्या नजरेने एखाद्या सुनेकडे बघतात ना, त्या नजरेने.

मीही बघितलं. मला तेवढंच कळायला हवं होतं, आई जिवंत असताना मला का बोलावलं नाही. कोणालाही हवं असतं. मी म्हटलं, "वहिनी, खरं सांगा. फोन का नाही केला?"

"राहू द्या ना ताई."

"मला कळलं पाहिजे."

तिने हितूभाऊकडे बघितलं. त्याने तोंड फिरवलं. मग ती सांगायला लागली, बसलेल्या आवाजात, अडखळत. "सकाळीच मी फोन हातात घेतला होता. आईंनी पाह्यलं. म्हणाल्या, 'कामिनीले कयवू नको. माह्या दारावर तिले येऊ देऊ नको.' तेवढंच बोलल्या. त्याच्यानंतर काहीच बोलल्या नाहीत." आणि ती ओंजळीत तोंड धरून रडायला लागली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडत होती.

मी नानाकडे बघत होते. त्याचा चेहरा उजळला होता. देवाशपथ, उजळला होता. पाइपात खोट सापडल्यावर उजळत असेल तसा. "हं," तो म्हणाला, "आता बरोबर जुळलं. मले वाटलंच व्हतं, औषधपान्यात काही हयगय नाही, बात दुसरीच हाये." आणि बाहेर जाऊन त्याने चहा घेतला. मालिकेतली ती पाठ दुखणारी बाई पोलीस खुनी सापडल्यावरसुद्धा गाडीत एकटी बसून राहते, स्टिअरिंगवर डोकं टेकवते. एवढे भाग मागे-पुढे करून बघितले या माणसाने, तेवढंच बघितलं नाही.

त्याचं चुकलं असतं तर मी माफ केलं असतं. त्याचं बरोबर निघालं. वहिनीने मला एक आई दिली होती, माझी वाट बघणारी. याने ती काढून घेतली आणि खरी हातात ठेवली. ती घेऊन मी काय करू? जिच्याशी भांडायचं, तीच राहिली नाही.

मी निघून जाणार होते. पिशवी भरलीसुद्धा. वहिनी दारात आडवी उभी राहिली. मी थांबले.

गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी आईच्या माहेरच्या बाया आल्या, लांबून, उन्हाच्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. रडल्या, डोळे पुसले आणि विचारलं, "कसं झालं ओ बाई?" वहिनीने माझ्याकडे बघितलं. तिने पदर तोंडाला लावला. खिडकीखाली खुर्ची करकरली. नाना कान देऊन पुढे झुकला होता.

मी उठले आणि खिडकीशी गेले. "नाना," मी म्हटलं, "उठा."

त्याला समजलंच नाही. दारावर बसलेल्या माणसाला आमच्याकडे कोणी उठवत नाही, वैऱ्यालासुद्धा नाही. "काय म्हनतं पोरी?"

"आमच्या दारावरून उठा. पुन्हा येऊ नका."

नाना हितूभाऊकडे बघत राहिला. भाऊ रिकाम्या खुर्च्या सारख्या करत राहिला. मग नानाने चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी सापडेना, शेवटी सापडली, आणि तो गेला. कंपाउंडचं फाटक लागेपर्यंत मी तिथेच उभी होते.

मग मी आत येऊन वहिनीच्या शेजारी बसले आणि आईच्या माहेरच्या बायांना सांगितलं, "सकायी थोडंसं दूध पेली. मंग माह्यंच नाव घेत व्हती, 'कामिनी आली का, कामिनी आली का.' अन् गेली."