भागिनाथचं ‘हो’

फोन आला तेव्हा मी ऑफिसात बैठकीत बसलो होतो. भागिनाथच्या मेहुण्याचा फोन. कापला तर पुन्हा आला, म्हणून बाहेर जाऊन घेतला. “दाजी गेले,” एवढंच म्हणाला तो. मला वाटलं, गावी पाचोडला गेला असेल. आबांना, म्हणजे वडिलांना, भेटून येतो असं त्याचं चाललंच होतं. कधी येणार आहे परत, असं मी विचारलं... आणि पलीकडं ते पोरगं रडायलाच लागलं. क्लासमध्ये शिकवता शिकवता छातीत कळ आली, विद्यार्थ्यांनी उचलून रिक्षात घातलं, दवाखाना येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पन्नाशीसुद्धा गाठली नाही गड्यानं. तिसऱ्या दिवशी क्लासवाल्यांनी चौकात भलामोठा फ्लेक्स लावला, ‘अधिकारी घडवणारा शिल्पकार हरपला’. मी गाडी थांबवून तो वाचला आणि माझं डोकंच फिरलं. अरे, अधिकारी घडवले, मान्य. पण त्याचं स्वतःचं काय झालं, ते कोण लिहिणार? म्हणून आता, महिनाभरानं, मीच लिहायला बसलोय.

शहरात औरंगपुऱ्याच्या मागं एका गल्लीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आम्हा पोरांची खोली होती. मी देवगाव रंगारीचा, घरी बऱ्यापैकी शेती. परीक्षा नापास झालो असतो तर वडिलांनी चार शिव्या दिल्या असत्या आणि नांगराला जुंपलं असतं, बस. भागिनाथचं तसं नव्हतं. पाचोडकडचं धनगराचं घर, वडील वर्षातले सहा-सात महिने मेंढरं घेऊन बाहेर. उन्हात, पावसात, दुसऱ्याच्या रानात. घरात कॉलेजची पायरी चढलेला हा पहिलाच. खोलीतली बाकीची पोरं लाल दिव्याची गाडी, बंगला, शिपायाचा सलाम असली स्वप्नं बघायची. हा म्हणायचा, “मला गाडी नाय पायजे. आबाला आता घरी बसवायचंय, तेवढ्यापुरती नौकरी दे म्हणावं.” कुणाला म्हणावं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण ते एकच त्याच्या डोक्यात होतं, आणि शेवटपर्यंत तेच राहिलं.

लेखी परीक्षेत तो हुकुमाचा एक्का. अडायचं सगळं मुलाखतीला. तेव्हा आजच्यासारखे मुलाखतीचे क्लास गल्लोगल्ली नव्हते, मग आम्हीच खोलीत पॅनेल बसवायचो. खाट भिंतीला लावायची, पत्र्याच्या पेटीवर चादर टाकायची आणि त्यावर भागिनाथ साहेब होऊन बसायचा. साहेब म्हणून असला खडूस माणूस मी पुढं वीस वर्षांच्या नोकरीतही पाहिला नाही. आम्ही दारावर टकटक करून आत यायचं, उभं राहायचं. तो मान वर करायचाच नाही. मग एकदम विचारायचा, सध्या काय करता? आणि आपल्या तोंडून सवयीनं निघून जायचं, “तयारी करू राहिलो सर.” की झालं! “करू राहिलो नाही. करतो आहे. बाहेर जा, परत या.” लई म्हटलं की बाहेर, ‘का’च्या जागी कामून म्हटलं की बाहेर. एकदा तर माझ्या एका मुलाखतीत मी एवढ्या खेपा घातल्या की घरमालकीण विचारायला आली, पोरांनो, पोट बिघडलं का रे? आम्ही हसून हसून लोळलो, पण तो पेटीवरून हलला नाही. म्हणाला, हसू नका, तिकडं आपल्या बोलण्यावरूनच आपली किंमत करतेत. स्वतःची जीभ तर त्यानं अशी घासली होती की पुण्याच्या माणसानंही फसावं. व्हयचं हो केलं, नायचं नाही केलं, म्याचं मी केलं. सगळ्या खोलीत मिळून आम्ही एकच कोट शिवला होता. तो घालून मी मुलाखतीला गेलो आणि निवडला गेलो. पेढे मी आणले, पण खोलीभर नाचला तो.

आता जे सांगतो, ते त्यानं मला एकट्याला सांगितलं होतं.

त्यांच्या घरची एक रीत होती. मोठं माणूस काही बोललं की आधी ‘व्हय’ म्हणायचं. पटलं तरी व्हय, नाही पटलं तरी व्हय. त्या व्हयचा अर्थ एवढाच, की तुमचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलं. मेंढरांमागं बाप एका टेकाडावर आणि पोरगं दुसऱ्या. बापानं हाळी दिली की पोरानं आधी व्हय म्हणून ओरडायचं, म्हणजे आवाज वाऱ्यावर गेला नाही हे बापाला कळतं. मग जरा दम खायचा आणि आपलं काय ते सांगायचं. लहानपणी हे चुकलं की आबा रागवायचे. मी त्यांच्या घरी राहिलोय, मी स्वतः ऐकलंय. आबा म्हणायचे, उद्या पाऊस हाय, मेंढरं सोडू नका. भागिनाथ म्हणायचा, व्हय. थांबायचा. मग म्हणायचा, पन आबा, चारा संपलाय. आणि आबा तेवढा वेळ गप्प राहून पुढचं ऐकायची वाट बघायचे. त्या घरात कुणालाच कधी घाई नसायची.

वयाची मर्यादा संपायला आली होती, ती त्याची शेवटची मुलाखत. खात्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. मुलाखत छान चालली होती म्हणे. दुष्काळावर बोलला, पाण्यावर बोलला, एक मॅडम तर मान डोलावत होत्या. मग मधले साहेब, वयानं सगळ्यांत मोठे, कागद चाळत म्हणाले, “तुमच्या वडिलांचा मेंढपाळीचा व्यवसाय आहे. इतकी वर्षं परीक्षा देताय. आता गावी जाऊन वडिलांचं काम सांभाळावं, हेच तुमच्यासाठी योग्य, असं नाही वाटत?”

आणि भागिनाथ म्हणाला, “हो, सर.”

मग तो थांबला. रीतीप्रमाणं. दम खाऊन पुढचं बोलणार होता. तेवढ्यात साहेब हसले. “प्रामाणिक आहात. या तुम्ही.” मॅडमनी चष्मा काढून ठेवला. हा उठून उभा राहिला, तोंड उघडलं... पण बाहेर पुढच्याचं नाव पुकारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो परत आला. त्या दिवशी मी रजा टाकून खोलीवर जाऊन बसलो होतो. त्यानं बूट काढले, कोट खुंटीला लावला, आणि जसं घडलं तसं सगळं सांगितलं. मी म्हटलं, अरे येड्या, हो कामून म्हणालास? तो म्हणाला, “म्या हो नाय म्हणालो. म्या व्हय म्हणालो. तोंडातून हो निघालं.” मला तेव्हा धड कळलंच नाही. नंतर कळलं. शब्द त्यानं घासून पुसून शुद्ध केला होता, पण सवय आतमध्ये होती तशीच राहिली. नुसतं व्हय म्हणाला असता तर निदान गावंढळ म्हणून कुणी दोन क्षण त्याच्याकडं बघितलं असतं. शुद्ध मराठीत ‘हो’चा अर्थ हो. तो ऐकला की विचारणारा मोकळा होतो, पुढचं ऐकायला थांबत नाही.

पुढं सांगण्यासारखं फार नाही. यादी लागली, त्यात नाव नव्हतं. आबांना त्यानं सांगितलं, जागा कमी निघाल्या. मग एका क्लासमध्ये मुलाखतीची तयारी करून घ्यायला लागला आणि तिथंच चिकटला. लग्न झालं, सुमन वहिनी आल्या, भाड्याच्या दोन खोल्या झाल्या, त्यातून आबांना घरी बसवण्याइतकं कधी निघालंच नाही. क्लासच्या जिन्यात निवडलेल्या पोरांचे फोटो लावलेले, रोज तो त्यांच्यामधून वर चढायचा. निकालाच्या दिवशी पोरं पाया पडायची, पेढा भरवायची. तो हसून खायचा आणि मग संध्याकाळी मला फोन करून भलतंच काहीतरी बोलत बसायचा, आज ऊन किती होतं, असलं. मला कळायचं. मला राग येतो. त्या साहेबांचा येतो, आमच्या त्या पेटीवरच्या पॅनेलचा येतो, सगळ्याचाच येतो. कोणावर काढू?

दशक्रिया झाल्यावर काही दिवसांनी मी पाचोडला गेलो. आबा ओट्यावर बसले होते. पंच्याहत्तरी कधीच ओलांडली आहे, अजून थोडी मेंढरं आहेत, अजून तेच राखतात. चहा झाला. वहिनी आत गेल्या. मग आबा म्हणाले, “तू त्याच्या संगं राहिलेला. एक इचारतो. त्याला नौकरी कामून लागली नाय?”

जागा कमी होत्या, असं मी म्हटलं. आबा म्हणाले, “ते त्यानंबी सांगितलं व्हतं. आता तरी खरं सांग.”

मी सांगितलं. साहेब काय म्हणाले ते सांगितलं, हा काय म्हणाला ते सांगितलं. आबा ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, “मंग बराबर हाय की. मोठ्या माणसाला आधी व्हय म्हणावंच लागतंय. म्याच शिकवलं त्याला. पन त्यानं व्हय म्हणल्यावर ते थांबले नायत?”

“नाही, आबा.”

मग त्यांनी विचारलं, “त्याला पुढं काय म्हणायचं व्हतं?”

हेही मला माहीत होतं. त्या दिवशी खोलीत, कोट काढल्यावर, ते पुढचं वाक्य त्यानं मला म्हणून दाखवलं होतं, अगदी शुद्ध, एक शब्द चुकला नाही. “वडील थकले आहेत, सर. त्यांचं काम मला सांभाळायचं नाही, थांबवायचं आहे. त्यांना घरी बसवायचं आहे, म्हणून मला ही नोकरी हवी आहे.” तसंच्या तसं मी आबांना सांगितलं.

“व्हय,” आबा म्हणाले.

मी थांबलो. ते पुढं काही बोलतील म्हणून बराच वेळ थांबलो... मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि मेंढरं सोडायला निघाले.